आठ वाढीव मात्रा

१

१९९८ साल. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि खोडदच्या शेजारच्या उंबरवाडीत वाचनालयाने जुन्या वह्या-पोथ्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. प्रदर्शन म्हणजे काय, तर कुणाच्या पणजोबांची झाडपाल्याच्या औषधांची वही, कुणाकडची भजनांची पोथी, आणि एक मोडीतला कागद. तो कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त मान. हे सगळं काचेच्या कपाटात. त्याच कपाटात, खाकी कव्हर घातलेली एक चाळीस पानी वही होती. शेवंता भालेरावची.

शेवंता बारा वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली. मागे राहिली सासू आक्काबाई, नवरा रत्नदीप, चार वर्षांची प्रतीक्षा आणि ही वही. जात्यावर बसून रचलेल्या एकेचाळीस ओव्या शेवंताने स्वतःच्या हाताने तीत उतरवल्या होत्या. तिचा फोटो एकच होता, लग्नातल्या घोळक्यातला, आणि त्यात नेमके तिचे डोळे मिटलेले. प्रतीक्षाला आईचा आवाजही आठवत नव्हता. आई म्हणजे तिच्यासाठी ती वही. सोळा वर्षांची झाली तरी रोज संध्याकाळी ती एक ओवी वाचायची.

बुधवारी प्रदर्शन उघडलं. गुरुवारी पुण्याच्या एका संस्थेचे पाहुणे येऊन गेले. शेवंताच्या ओव्यांचं पुस्तक छापायचं त्यांनी कबूल केलं. सोमवारी माणूस पाठवू, वही त्याच्याकडे द्या, म्हणाले.

शुक्रवारी दुपारी प्रतीक्षा मैत्रिणीला वही दाखवायला आली. कपाट उघडलं, वही काढली, दोन पानं उलटली आणि खालीच बसली.

"ही माझ्या आईची वही न्हाई," ती म्हणाली.

माणसं जमली. कव्हर तेच होतं, त्यावर शेवंताचं नाव तेच. आतला कागद जुना, कडेने पिवळा पडलेला. अक्षर तेच. ओव्याही एकेचाळीस. वाचनालय सांभाळणाऱ्या चिमाजी गुरुजींनी वही हातात घेऊन पाहिली आणि हळूच म्हणाले, "पोरी, अक्षर बघ ना आईचं. दमलीस तू. घरी जा."

सगळ्यांनी माना हलवल्या. आईविना वाढलेली पोर, मनाला लावून घेते, असं कुणीतरी म्हणालंही. प्रतीक्षाने कुणाकडे पाहिलं नाही. ती उठली आणि वही घेऊन तडक ठमाबाईंच्या घरी गेली.

२

ठमाबाई औटींनी घाटघरच्या प्राथमिक शाळेत तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन गावी आल्याला दोन वर्षं झाली होती. गावात काही हरवलं की लोक त्यांच्याकडे यायचे. खडूची पेटी कुणी पळवली हे त्या मुलांच्या खिशात हात न घालता ओळखायच्या, नुसतं कोण जरा जास्तच शहाण्यासारखं बसलंय ते बघून. तीच सवय गावाच्या उपयोगी पडत होती.

"बदललंय काय, ते सांग आधी," त्या म्हणाल्या.

"वाचते की, बाई. आई असं लिहायची." प्रतीक्षाने डोळे मिटून म्हटलं:

चांदणी दारी थांबली
मांडीशी तान्ही निजली
बाजरी हाती नाचली
दळू हळू

"आणि ह्या वहीत?"

"पहिल्या तीन ओळी त्याच. चौथी बघा." तिने बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: दळू हळू माय बोलली.

"बाई, माय बोलली, असं आई कशाला लिहील? ती सोताच माय व्हती. मांडीवर मी व्हते. ती मला सांगत व्हती, दळू हळू म्हणून. आता कुणीतरी तिसरंच माणूस माझ्या आईबद्दल सांगतंय असं वाटतं."

ठमाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि आपण पेन्सिल घेतली.

शाळेत त्या मुलांना मात्रा शिकवायच्या. ऱ्हस्व अक्षर म्हणायला जेवढा वेळ लागतो ती एक मात्रा, दीर्घ अक्षराला दुप्पट वेळ, म्हणून त्याच्या दोन. बोटं दुमडत त्या मोजू लागल्या. चां दोन, द एक, णी दोन. पहिली ओळ चौदा मात्रांची. दुसरी चौदा. तिसरी चौदा. प्रतीक्षाला आठवणारी चौथी ओळ: दळू हळू. सहा. आणि वहीतली? त्यांनी दोनदा मोजली. बरोबर चौदा.

मग त्यांनी वहीतली दुसरी ओवी मोजली, दहावी मोजली, शेवटची मोजली. दिवे लागायच्या आत एकेचाळीसच्या एकेचाळीस मोजून झाल्या. कुठेही एक मात्रा कमी नाही, एक जास्त नाही. दर चौथ्या ओळीत शेपूट जोडलेलं, मापून कापून.

"पोरी, तू म्हणतेस ते खरं आहे," ठमाबाई म्हणाल्या. "कुणीतरी अख्खी वही नव्यानं लिहिली आणि प्रत्येक ओवीत आठ मात्रा घातल्या."

"पण का? आणि माझी वही कुठाय?"

ठमाबाईंना तेव्हा एवढंच दिसत होतं, की सोमवारी माणूस येईल, ही वही घेऊन जाईल, आणि जे छापलं जाईल तेच शेवंताचं म्हणून कायमचं राहील. मधे शनिवार आणि रविवार.

३

शनिवारी सकाळी त्या आधी गोरखकडे गेल्या. त्याचं कॅसेटचं दुकान वाचनालयाच्या भिंतीला भिंत लावून होतं. कपाटाचं कुलूप कुठल्याही ट्रंकेच्या किल्लीने उघडत असे हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळे किल्ली कुणाकडे होती हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण गोरखला ती वही हवी होती. ओव्यांची कॅसेट काढायची म्हणून तो महिनाभर रत्नदीपच्या मागे लागला होता. रत्नदीप खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर थाळ्यांची तारेची जाळी बांधायच्या कामाला होता. त्याने दोनदा साफ नाही म्हणून सांगितलं होतं.

"आलात का बाई झडती घ्यायला!" गोरखने स्टूल पुढे केलं. "बसा राव. च्या सांगू?"

"चहा नंतर. कॅसेटसाठी तू ओळी लांबवल्यास का रे?"

"म्या? मला येड लागलंय का?" त्याने टेप सुरू केला. शेवंताच्या शेजारणीचा, सखूबाईचा घोगरा आवाज यायला लागला. "ही बघा, मागल्या महिन्यात भरून घेतली. आयका. चौथी ओळ संपली की कशी मोकळी जागा सोडती म्हातारी. तिथं टाळ घालायचा व्हता मला. लई गोड वाटतं तिथं. ती जागा बुजवली तर गाण्याचा दमच गेला की!"

ठमाबाईंनी ती मोकळी जागा दोन-तीन वेळा ऐकली. आवाज बंद व्हायचा, मागे नुसती दगडाची घरघर, मग पुढची ओवी.

"आणखी एक सांगतो," गोरख आवाज उतरवून म्हणाला. "गुरुवारी पुण्याच्या पावण्यांपैकी तो चश्मेवाला वही वाचून हसला व्हता. म्हणला, बाई हुशार, पण चौथी ओळ लंगडी, छापताना नीट करून घिऊ. चिमाजी गुरुजींचं तोंड एवढंसं झालं."

"गुरुजींचं का?"

"आता ते मला काय म्हाईत!"

४

सखूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिचं आणि शेवंताचं घर पाठीला पाठ लावून. गावात पिठाची गिरणी होती, पण वीज आठवड्यातले चार दिवस नसायची. मग शेवंता बाजरी घेऊन सखूबाईच्या जात्यावर यायची. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. बुधवारी प्रदर्शनात वहीवर शेवंताचं एकटीचं नाव बघून सखूबाईने चारचौघांत तोंड सोडलं होतं.

"सोडलं तर सोडलं!" ती म्हणाली. "निम्म्या ओव्या माझ्या हायेत. ती म्हणायची, मी जोडायची. मला लिव्हता येत असतं तर माझीबी वही असती कपाटात."

"म्हणून ही लपवलीस का सखू?"

सखूबाईने शेंगेचं टरफल ठमाबाईंच्या पायाशी फेकलं. "आगं ए मास्तरणी! शेवंता गेली तवा तिच्या पोरीला कुणी पाजलं पानी? कुणी न्हाऊ घातलं? त्या पोरीचं म्या काय लपवू?" मग जरा वेळाने, शेंगा तशाच ठेवून, "खरंच गेली का गं वही?"

तिथून ठमाबाई वाचनालयात गेल्या. चिमाजी गुरुजी टेबलाशी बसून प्रत्येक वस्तूपुढच्या चिठ्ठ्या नव्याने लिहीत होते. पस्तीस वर्षं पाचवी ते सातवीला त्यांनी उंबरवाडीतच शिकवलं होतं. कविता शिकवताना बाकावर बोटांनी ठेका धरायचे. आत्ताही डाव्या हाताची बोटं टेबलावर चालूच होती.

"शेवंता तुमच्याच वर्गात होती ना, गुरुजी?"

"सातवीत पहिली आली होती." गुरुजींनी मान वर केली नाही. "मी घरी जाऊन तिच्या बापाच्या पाया पडलो, आठवीला पाठवा म्हणून. चैत्रात लग्न लावून दिलं."

"प्रतीक्षा म्हणते त्यात तथ्य असेलही," गुरुजी म्हणाले. "पण बाई, लिहिणारं माणूस आपलं लिखाण सुधारतंच. शेवंतानेच एक कच्ची वही केली असेल, एक पक्की. घरात दोन्ही असतील. पोरीला कच्ची पाठ, आणि आणली गेली पक्की. एवढंच."

बिनतोड होतं. ठमाबाई चिठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. गुरुजी अख्खा शब्द लिहून मग डोक्यावरची रेघ ओढत, आणि रेघ शब्दाच्या पुढे केसभर सांडत असे. शेवंताच्या वहीतही तशीच सांडायची. का नाही सांडणार? अक्षर वळवून घेतलं होतं ते त्यांनीच.

मग त्यांची नजर गुरुजींच्या मागच्या लाकडी कपाटावर गेली. दाराच्या फटीतून खालच्या खणात कोऱ्या वह्यांचा गठ्ठा दिसत होता. पूर्वी शाळेत फुकट वाटायचे त्या वह्या, वाटून उरलेल्या. कडा पिवळ्या पडलेल्या.

"उद्या सकाळी नऊ वाजता सखूबाईच्या अंगणात या, गुरुजी," ठमाबाई म्हणाल्या. "वहीचा उलगडा तिथे होईल."

गुरुजींच्या बोटांचा ठेका थांबला.

५

रविवारी सखूबाईच्या अंगणात सतरंजी टाकली होती. आक्काबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून रत्नदीप त्यांना हाताला धरून घेऊन आला. गोरख आला. चिमाजी गुरुजी सगळ्यांत शेवटी आले, हातात काही नव्हतं.

जात्याच्या एका बाजूला सखूबाई बसली, दुसऱ्या बाजूला ठमाबाईंनी प्रतीक्षाला बसवलं. सुपात बाजरी.

"आधी कपाटातल्या वहीतून म्हणा," ठमाबाई म्हणाल्या. "प्रतीक्षा सांगेल, सखूबाई म्हणेल. आणि दळा. नुसतं म्हणू नका."

जातं फिरायला लागलं. चांदणी दारी थांबली, मांडीशी तान्ही निजली. दोघींचे हात खुंट्यावर, वरची दगडी तळी गरगर फिरतेय. बाजरी हाती नाचली. दळू हळू माय बोलली, आणि लगेच पुढची ओवी. तीही चौदा-चौदा-चौदा-चौदा. तिसऱ्या ओवीला जात्याचा आवाज बदलला. दगडावर दगड घासायला लागला, कर्रकर्र. सखूबाईने खुंटा सोडला.

"आगं, वैरण कवा घालू? रिकामं फिरतंय! ह्या बयेनं मला टाइमच ठेवला न्हाई!"

वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात घालायची दाण्यांची मूठ.

"आता शेवंताचं म्हणा," ठमाबाई म्हणाल्या. "प्रतीक्षाला पाठ आहे तसं."

पुन्हा जातं फिरलं. तीन ओळी झाल्या. दळू हळू, म्हणून सखूबाई गप्प झाली. तिचा उजवा हात खुंट्यावरून सुटला, सुपात गेला, मूठ भरली, तोंडात सोडली, परत खुंट्यावर आला. तेवढा वेळ प्रतीक्षा एकटी ओढत होती. हात परत आला तशी पुढची ओवी सुरू झाली. ठमाबाई गुडघ्यावर बोट आपटून मोजत होत्या, मोठ्याने. दळू हळू, सहा. मग हाताबरोबर: सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा.

त्यांनी सगळ्यांना आणखी दोनदा मोजायला लावलं. दर वेळी चौदा.

"गोरखनं ही वही लिहिली नाही," त्या म्हणाल्या. "त्याला ही मोकळी जागा हवी होती, टाळासाठी. सखूनं लिहवून घेतली नाही, कारण तिचा हात इथे अडतो. आणि शेवंताने तर नाहीच नाही. तिनं दुसरी, पक्की वही केली असती, तरी रोज दळणारी बाई वैरण घालायचा वेळ कसा बुजवेल? हे त्यानं लिहिलंय ज्यानं ओवी डोळ्यांनी वाचली, ज्याला मात्रा अचूक मोजता येतात, ज्याचं अक्षर शेवंताने गिरवलं, आणि ज्याच्या कपाटात त्या काळच्या कोऱ्या वह्या शिल्लक आहेत."

कुणी गुरुजींकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही कुणाची.

"गुरुजी," ठमाबाईंचा आवाज मऊ झाला, "ओळ लंगडी नाही. मात्रा म्हणजे अक्षर नव्हे, अक्षराला लागणारा वेळ. तुम्हीच पोरांना सांगायचात. आणि वेळ गप्प बसलं तरी जातोच की. शेवंताच्या चौथ्या ओळीत चौदाच मात्रा आहेत. सहा तोंडानं म्हटल्या, आठ हातानं."

चिमाजी गुरुजी उठले. फाटकातून बाहेर गेले.

"गेले की!" रत्नदीप उठायला लागला.

"बस," आक्काबाई म्हणाल्या. "यील त्यो."

६

गुरुजी आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही होती. ती त्यांनी प्रतीक्षाच्या हातात दिली नाही, तिच्यापुढे सतरंजीवर ठेवली.

प्रतीक्षाने कागद उलगडला. आईची वही होती. पान उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. ओळीओळीवर लाल शाई. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ऱ्हस्वाची चंद्रकोर किंवा दीर्घाची आडवी रेघ, आणि दर चौथ्या ओळीपुढे लाल फुली. एकेचाळीस फुल्या.

"त्या पाहुण्यानं माझ्या शेवंताला लंगडी म्हटलं," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, पुस्तक छापून आल्यावर आणखी हसतील. घरी नेऊन फक्त बघणार होतो, कुठे काय बसतं ते. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या. हातात लाल पेन कधी आलं मला कळलं नाही. शेवटच्या पानाशी आलो तेव्हा भानावर आलो. मग ही अशी पोरीला कशी देऊ? म्हणून दुसरी लिहिली. वाटलं, तिच्या शब्दांचं भलंच करतोय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "तिला आठवीत पाठवू शकलो नाही. निदान नापास तरी होऊ द्यायची नव्हती."

सखूबाईने पदराने नाक पुसलं. "काय ह्यो मानूस!" ती पुटपुटली, पण त्यात राग नव्हता.

प्रतीक्षा एकेक पान उलटत होती. सगळ्यांना वाटलं, आता ही पोर काय करते. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, आईच्या शाळेतल्या वह्यापन तुमी अशाच तपासायचा?"

"अशाच."

"मग शेवटी शेरा लिव्हायचा का?"

"लिहायचो."

"ह्यात न्हाई लिव्हला." तिने वही त्यांच्यापुढे सरकवली.

गुरुजींनी खिशातलं लाल पेन काढलं. मग शेवटच्या पानावर खाली लिहिलं: मात्रा बरोबर आहेत. चूक तपासणाऱ्याची. आणि सही केली. डोक्यावरची रेघ केसभर पुढे सांडली.

प्रतीक्षाने ते आक्काबाईंना वाचून दाखवलं. म्हातारी सुनेच्या वहीवर हात फिरवत म्हणाली, "आमची शेवंता पास झाली म्हना की!"

सोमवारी पुण्याचा माणूस आला. त्याच्यासमोर प्रतीक्षाने वहीवरून ओव्या उतरवून दिल्या, वही दिली नाही. सोबत ठमाबाईंची चिठ्ठी होती: चौथ्या ओळीपुढे आठ मात्रांची जागा कोरी सोडावी. का ते कळत नसेल तर दळायला यावं.

पुढे काय झालं ते सांगते. पुस्तक दोन हजार सालच्या पाडव्याला निघालं, जागा कोरी सोडूनच. कव्हरवर शेवंता आणि सखूबाई अशी दोन नावं होती. ती घालायला प्रतीक्षानेच लावली. कोणत्या ओव्या कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही. सखूबाई त्या पुस्तकाची एक प्रत उशाशी ठेवायची, वाचता येत नसलं तरी. ती २००५ मध्ये गेली. आक्काबाई त्याच्या तीन वर्षं आधीच गेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन, नातीचं तोंड नीट बघून. रत्नदीप दुर्बिणीच्या कामावर कायम झाला. गोरखची कॅसेट नारायणगावच्या तमाशाच्या हंगामात बरी चालली. मग सीडी आल्या, आणि आता त्याच दुकानात तो मोबाइलची कव्हरं विकतो. प्रतीक्षा औषधनिर्माणशास्त्र शिकली. तिचं मंचरला मेडिकलचं दुकान आहे, आंबेगावच्या कुठकुठल्या वाड्यांवरून लोक तिच्याकडे येतात. ठमाबाईंचे गुडघे गेले, नजर शाबूत आहे.

चिमाजी गुरुजी २००७ च्या श्रावणात गेले. वाचनालयात शोकसभा झाली. सरपंच बोलले, गोरख बोलला. प्रतीक्षा मंचरहून आली होती, तिलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. ती माइकपुढे उभी राहिली. "गुरुजी," एवढंच म्हणाली, आणि पुढे काही न बोलता थोडा वेळ तशीच उभी राहून खाली बसली.

ठमाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कुजबुजला, "पोर काहीच बोलली न्हाई की वो."

"बोलली की," ठमाबाई म्हणाल्या.